देवजीकाकांच्या चिकूच्या बिया

देवजीकाका चिकू खायचे आणि बिया तळहातावर काढून, शर्टाला पुसून खिशात टाकायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली. शी! ती लाळ, तो मळका खिसा, आणि त्याच खिशात कामाची पेन्सिल. डहाणूत राहून चिकूला नाकं मुरडून कसं चालेल म्हणा, पण उष्ट्याखरकट्याची मला पहिल्यापासून भारी किळस.

काका तलासरीकडच्या एका पाड्यावरचे सुतार. माझ्याहून वयाने मोठे, तरी मी त्यांना सरळ अरे-तुरे करायची. २०१६च्या थंडीत आम्ही मागच्या ओट्यावर डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, करायचं ठरवलं. फळ्या लाकडाच्या नव्हेत, भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही, साबणाच्या पाण्याने धुतलं की झालं, असं दुकानदार म्हणाला होता. काकांना त्या फळ्यांचा तिटकारा. बोटाने ठोकून बघत म्हणाले, "बाय, सागाला विचारलं तं तो सांगतो कुठं दुखतं. हा मुका हाय. मुक्याचं आपणच समजून घ्यावं लागतं."

आणि समजून घेतलं हो त्यांनी! लोखंडी चौकटीवर फळ्या मांडल्या, आणि जिथे फळीचं टोक दुसऱ्या टोकाला किंवा भिंतीला भिडत होतं तिथे खिशातली एकेक बी खोचली. थंडीत एवढी फट ठेवली नाही तर उन्हाळ्यात फळी लांबते आणि तिला जायला जागा उरत नाही. स्क्रू आवळले की बिया काढून घ्यायच्या, हेही सांगितलं. मी ऐकलं कुठे? माझा डोळा त्या चोखलेल्या बियांवर. त्यांच्या घरात लग्न होतं. दोन दिवसांनी येऊन स्क्रू आवळतो, तोवर हात लावू नका, असं बजावून ते गेले.

मला तासभर धीर निघाला नाही. केरसुणीने सगळ्या बिया झाडून काढल्या, फळ्या रेटून टोकाला टोक चिकटवलं आणि माळ्याकडून स्क्रू आवळून घेतले. कसं स्वच्छ दिसत होतं! काकांना निरोप धाडला, काम झालं, येऊ नकोस.

मे महिन्यात डेकने पोट काढलं. फळ्या मधोमध उचलल्या गेल्या, एक तर स्क्रू उपटून वर आली. माझ्या जिभेला हाड कुठे? डहाणू रोडच्या हार्डवेअरवाल्यापासून चारोटीच्या दुकानांपर्यंत सांगत सुटले, देवजीने माझ्या ओट्याची वाट लावली, त्याला काम देऊ नका. लोकांनी ऐकलं. काकांची ठरलेली दोन बंगल्यांची कामं गेली.

ते कानावर गेल्यावर काका स्वतः आले. भांडायला आले असतील म्हणून मी पदर खोचून उभी. त्यांनी भर उन्हात पालथे पडून एकेका सांध्यावरून नख फिरवलं, आणि वर न बघता विचारलं, "बाय, माझ्या बिया कुठं?"

"फेकल्या," मी म्हटलं. "उष्ट्या होत्या."

तो शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, आपण काय केलंय ते. काका उठले, स्क्रू सोडवायला लागले. संध्याकाळी मी हार्डवेअरवाल्याकडे जाऊन चूक माझी होती असं सांगितलं. तो म्हणाला, ताई, ती कामं आता दुसऱ्याने धरली. बाकीच्यांनाही सांगेन म्हणाला, पण त्याचं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळ्यांची टोकं कापून पुन्हा मांडणी केली. या खेपेला खिशात हात घातला नाही. पिशवीतून एक पुरचुंडी काढली. आत बिया होत्या, घरून धुऊन, वाळवून आणलेल्या. मला तिथे उभं राहवेना. आत गेले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला बशीचा कप काढून त्यात चहा आणला. एरवी त्यांचा चहा कान तुटलेल्या कपात असायचा.

काकांनी शेवटची बी काढून पुरचुंडी बांधली, कपाकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "नको बाय. कप उष्टा होईल."

मग पिशवी उचलून गेले, आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. डेक आजही सपाट आहे. मी तो दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुते, आणि किळस येते ती माझीच.