दोन कॅमेरे, अंजनवेलचा गड आणि आमचा बाळू

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची कुसुम. पाहुण्यांच्याही आधी! नात आणि नातजावई अजून हायवेवरच्या हातखंब्याच्या फाट्यालाही पोचले नव्हते आणि ही बाई पायरीवर पाय पसरून बसलेली. म्हणते कशी, "एका म्हातारीला दोन दोन कॅमेरे कशाला गो? एक माझ्याकडे ठेव." तिला कोणी सांगितलं म्हणाल, तर मीच. माझ्या पोटात काय राहतंय?

गोष्ट अशी. मी चौथी शिकलेली. फोनात बोलते, फोन लिहून घेतो, नात प्राची डोंबिवलीत बसून काना-मात्रा नीट करते, मग तुम्ही वाचता. पण माझ्या फोटोंना तुम्ही सगळे नावं ठेवता. मागे मी गलबताचा फोटो टाकला तर एका ताईंनी विचारलं, "आजी, ही माशी आहे का?" तेव्हा मुलांनी आणि नातवंडांनी मिळून मला कॅमेरा घ्यायचं ठरवलं. कुठला, यावरून मात्र प्राची आणि तिचा नवरा निखिल यांच्यात जुंपली. तो म्हणे डीएसएलआर, ती म्हणे सुपरझूमवाला ब्रिज कॅमेरा. किंमत जवळजवळ सारखीच. शेवटी दोघांनी आपापल्या मित्रमैत्रिणींकडून एकेक उसना आणला. आजीने तीन दिवस फिरून दोन्ही वापरायचे, आजी म्हणेल तो नवा घ्यायचा.

आजीचं म्हणाल, तर आजीला एकच फोटो हवा होता. बाळूचा.

बाळू माझा धाकटा. खाडीपल्याड दाभोळच्या एका होडीवर तांडेल आहे, म्हणजे होडी त्याच्या हुकमात. आठ दिवसांनी एकदा घरी येतो, जेवतो, झोपतो. विचारलं, "कसं चाललंय?" की "हं." मासळी मिळाली का? "हं." चेहरा असा की कोणी सुतकातून उठून आलाय. लग्नात हसला नाही तो फोटोत कुठून हसणार? मी जन्मभर मासळी विकली, होड्या जाताना पाहिल्या, येताना पाहिल्या. पण तिथं पाण्यावर गेल्यावर माझा मुलगा कसा असतो, हे मला ठाऊक नाही. रात्री पडल्या पडल्या हेच मनात येतं, हा तिथं सुखात आहे का? विचारून सांगणाऱ्यातला तो नाही. मग म्हटलं, बघूनच यावं.

दिवस पहिला: गणपतीपुळे

आमच्या गावापासून गणपतीपुळे अर्ध्या तासावर. पाहुणे आले, घावणे खाल्ले आणि निघालो. कुसुमला गाडीत जागा नव्हती म्हणून तिने तोंड फुगवलं, तिला मोदक आणायचं कबूल केलं तेव्हा उतरली.

वाळूत निखिलने डीएसएलआर माझ्या गळ्यात घातला. काय ते वजन! पण रुबाब बघा. लग्नातल्या फोटोवाल्यासारखं बटण दाबलं की "खटाक्" असा आवाज येतो. दोन पोरी येऊन मला विचारून गेल्या, "आजी, तुम्ही फोटो काढून देता का? कितीला?" मी एवढी खूश झाले की त्यांचे चार फुकट काढले.

निखिल सांगत होता, "आजी, याच्या आतली काच मोठी. प्रकाश जास्त घेते. आणि पुढची लेन्स काढून दुसरी लावता येते."

प्राची म्हणाली, "हो, आणि ती दुसरी लेन्स कॅमेऱ्याएवढ्याच पैशांत येते, ते सांग ना."

तिचा ब्रिज कॅमेरा हलका. लेन्स निघत नाही, पण एक खटका फिरवला की नळी पुढे येते आणि लांबचं सगळं डोळ्यांसमोर. दूर समुद्रात एक जहाज उभं होतं, त्याच्या शिडीवर वाळत घातलेली चड्डी मला दिसली. खोटं सांगत नाही, गणपती समोर आहे.

पण दिवस मावळला आणि पारडं फिरलं. देवळाबाहेर दिवे लागले. डीएसएलआरच्या फोटोत फुलवालीच्या टोपलीतलं एकेक फूल दिसत होतं. ब्रिजच्या फोटोवर मात्र कोणी रवा भुरभुरल्यासारखं झालेलं. मी म्हटलं, "निखिलराव, तुम्ही जिंकलात." प्राचीने मोदक अर्धाच खाल्ला.

(मोदक देवळाच्या मागच्या गल्लीत, घरगुती ठिकाणी खा. आधी सांगून ठेवावं लागतं. आणि मासे खायचे तर किंमत विचारून मगच बसा. आम्हाला सुरमई म्हणून जे वाढलं ते सुरमई नव्हतं. मी त्या पोराला म्हटलं, "बाळा, मी चाळीस वर्षं सुरमई विकलीय." त्याने गुपचूप सोलकढी फुकट दिली.)

दिवस दुसरा: जयगडची फेरीबोट आणि हेदवी

सकाळी जयगडला गेलो. तिथून फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरता येतं. गाडीचे आणि माणसांचे मिळून दोन-तीनशेच्या आत होतात, तरी निघताना विचारून घ्या, दर बदलतात. रस्त्याने गेलात तर मोठा वळसा पडतो. पलीकडचा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की एकाला मागे जावं लागतं, आणि एसटी कधी मागे जात नाही.

पौष पौर्णिमा होती. पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती भरते, म्हणून मी पोरांना घाई करून हेदवीला त्याच वेळेला नेलं. तिथं समुद्रावर खडकात एक चीर आहे, बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्यात घुसलं की उंच उडतं. लांबूनच बघा, कडेला जाऊ नका.

निखिल मात्र वाऱ्याकडे तोंड करून लेन्स बदलायला बसला. एक काढलेली, दुसरी लावायची, आणि तेवढ्यात उसळलं पाणी! त्याने कॅमेरा पोटाशी धरून पाठ फिरवली म्हणून आतलं वाचलं, पण वरून तुषार बसलेच.

आता माझं घर मच्छीमाराचं. इंजिन असो, कोयता असो, खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवायचं, हे मी पाळण्यापासून शिकलेले. मी पिशवीतली बाटली काढली, बूच उघडलं आणि कॅमेऱ्यावर धरली.

"आजीऽऽऽ!"

निखिल असा ओरडला की पलीकडचे सातारचे पाहुणे धावत आले. त्यांना वाटलं कोणी पडलं. प्राचीने माझं मनगट धरलं तोवर दोनच थेंब पडले होते.

"अगो, मीठ खाईल ना त्याला!" मी म्हटलं.

"मीठ खाऊ दे आजी, तू पाणी पाजू नकोस!"

पण ऐका पुढे. अर्ध्या तासाने निखिलने फडकं काढलं, गोड्या पाण्यात भिजवलं, घट्ट पिळलं आणि कॅमेरा वरून पुसून घेतला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. प्राची हसून हसून खडकावर बसली. या खटल्यात एक गोष्ट कळली, आमच्या वाऱ्यावाळूत लेन्स बदलत बसणं म्हणजे चुलीशेजारी कापूस पिंजणं.

रात्री गुहागरला एका घरगुती ठिकाणी राहिलो. जेवायला कुळथाची पिठी आणि गरम भात. मालकीणबाई इतक्या प्रेमळ की निघताना नारळ दिला. मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी बाळूची होडी आत येणार होती.

दिवस तिसरा: अंजनवेल

गुहागरहून अंजनवेल फार लांब नाही. वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्या दिसायला लागल्या की समजायचं आलं. गोपाळगड जांभ्याचा, काळा पडलेला, आत आंब्याची कलमं. तटावर चढताना दगड निसटतात, चपला चांगल्या घाला. माझे गुडघे म्हणाले, "पुरे." मी म्हटलं, "गप बसा."

वर गेलं की खाडीचं तोंड थेट पायाखाली. दाभोळला जाणारी प्रत्येक होडी इथूनच आत शिरते. भरतीचं पाणी चढत होतं, होड्या एकामागून एक येत होत्या. मी कपाळावर हात धरून उभी. बाळूची होडी निळी, वर पिवळा झेंडा, हे मला माहीत होतं. आणखी एक खूण होती. दिवाळीत माझं जुनं हिरवं लुगडं तो मागून घेऊन गेला होता. "कशाला रे?" तर म्हणे, "चिंध्यांना." त्याचा तुकडा डोलकाठीला कुठंतरी दिसेल असं वाटलं होतं.

"ती बघ! पिवळा झेंडा!" मी ओरडले.

निखिलने आधी काढला. काय सुंदर फोटो आला! निळी होडी, हिरवं पाणी, मागे दाभोळचा डोंगर, भिंतीवर लावावा असा. पण माणसं मुगाएवढी. मोठी लेन्स लावूनसुद्धा वाटाण्याएवढी.

"मला बाळू दाखव," मी म्हटलं.

प्राचीने ब्रिज कॅमेरा माझ्या हातात दिला, माझी कोपरं तटावर टेकवली. "श्वास धरून ठेव आजी. आता खटका फिरव, हळू."

आधी नुसतं पाणी. मग आभाळ. मग परत पाणी, एक बगळा. मग निळं काहीतरी थरथरत आलं, आणि होडी एकदम माझ्या पुढ्यात! खलाशी बसलेले, जाळी, टोपल्या. आणि मधोमध एक बाई उभी.

"होडीवर बाई कुठली?" मी म्हटलं.

हिरवा पदर डोक्यावरून घेतलेला. एक हात कमरेवर, दुसरा हवेत. बोटं नाचवतेय, मान वेळावतेय, टोपलीतला मासा शेपटीला धरून उचलते, जणू गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते आणि परत टोपलीत आपटते. खलाशी पोट धरून लोळतायत. एक तर जाळ्यावर उताणा पडलेला.

मग त्या बाईने तोंड वळवलं. तिला मिशी होती.

बाळू! माझा बाळू! माझं लुगडं डोक्यावर घेऊन माझीच नक्कल करत होता! तो कमरेवरचा हात माझा. तो मासा आपटणं माझं. आणि मेला हसत होता, सगळे दात दाखवून, डोळे मिटून, लहानपणी गुदगुल्या केल्यावर हसायचा तस्सा.

माझं बोट बटणावर दाबलेलं ते सुटलंच नाही. पुढे बघितलं तर ढीगभर फोटो निघालेले. प्राची विचारत होती, "आजी, रडतेयस की हसतेयस?" मी कॅमेरा तिच्यापुढे धरला.

मग मी बाळूला फोन लावला. "आम्ही इकडंच फिरायला आलोय. माल उतरवलास की दाभोळहून फेरीबोटीने अलीकडे धोपाव्याला ये, गाडीतून घरी जाऊ."

"हं," बाळू म्हणाला.

गाडीत मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसला. तोच सुतकी चेहरा. निखिलने विचारलं, "मामा, कसा होता दिवस?" "हं." प्राचीने खिडकीबाहेर तोंड करून ओढणी दातांत धरली. मी तवसाळपर्यंत हरिनाम घेतलं, नाहीतर फुटले असते.

घरी

रात्री स्वयंपाकघरात एकच दिवा. बाळू जेवत होता, सून मनीषा वाढत होती. निखिलने डीएसएलआर काढला, खटाक्. त्या अंधुक उजेडातसुद्धा बाळूच्या कपाळावरची आठी न् आठी आली. ब्रिजने काढला तर पुन्हा रवा.

"बघा आजी," निखिल म्हणाला, "घरातले फोटो हवे तर हाच."

तेव्हा मी होडीवरचा फोटो बाळूपुढे धरला. त्याचा घास हातातच राहिला. कानापर्यंत लाल झाला.

मनीषा वाकून बघते. "अगो बाय! हा माझाच नवरा काय?"

"आये... कुठून काढलास?"

"गडावरून. मासा शेपटीला धरून नाही आपटत मी, कल्ल्याला धरते. नक्कल करायची तर नीट कर."

आणि बाळू हसला. माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, ठसका लागेपर्यंत. म्हणाला, "पोरं रोज मागतात गो, 'तांडेल, आयेची नक्कल काढा.' तेवढंच पाण्यावर घरात असल्यासारखं वाटतं."

निखिलने तेही टिपलं, डीएसएलआरने, आणि फार छान टिपलं. म्हणजे माझी पंचाईतच. कुसुम मोदक न्यायला आलेली, ती म्हणाली, "खटाक्वाला घे, रुबाबदार आहे."

मी रात्रभर विचार केला. तुम्हीही घेणार असाल तर माझं ऐका. घरातले समारंभ, बारशी, दिव्याच्या उजेडातले चेहरे काढायचे असतील, वजन झेपत असेल आणि पुढेमागे लेन्सला पैसे घालायची तयारी असेल, तर डीएसएलआर चांगला, निखिल खोटं बोलत नाही. पण मी ब्रिज घ्यायला सांगितला. घरातला बाळू बघायला मला डोळे आहेत. तिकडचा बाळू या डोळ्यांना दिसत नाही.

सकाळी पाहुणे निघाले. दोन्ही उसने कॅमेरे सोबत गेले, नवा ते घेऊन येणार. बाळू कधी पाहुण्यांना पोचवायला उठत नाही, तो फाटकापर्यंत गेला. गाडीच्या खिडकीत वाकून निखिलला म्हणाला, "परत गडावर कधी जाणार ते आधी सांगा. दाढी करून जाईन."

माघी पौर्णिमेला येतो म्हणालेत. दुसऱ्या दिवशी, भरती चढताना, आम्ही तटावर. मी कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात, जिथं दुधाचा हिशेब लिहिते तिथं, होडी काढून ठेवलीय.