आमच्या गाण्यातले अकरा सेकंद

मी जुन्नरच्या एका शाळेत संगीत शिकवते. म्हणजे सकाळी प्रार्थनेला पेटी वाजवते, पाहुणे आले की स्वागतगीत बसवते आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर जाऊन बसते. स्वागतगीत कित्येक वर्षं एकच आहे. आमदार येवोत नाहीतर दात तपासणारे डॉक्टर, चाल तीच. असं आयुष्य चाललं की माणसाला काहीतरी वेगळं करावंसं वाटतं. कुणी भिशी लावतं, कुणी गड चढतं. मी गाणं काढलं.

सोबतीला माझा शाळेतला वर्गमित्र होता. बाजारपेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण इथं इतक्या पिढ्या झाल्यात की भांडायची वेळ आली की तो माझ्यापेक्षा चोख मराठी बोलतो. मी त्याला शेठ म्हणते, तो मला मॅडम. दुकानावरच्या गोडाऊनमध्ये त्यानं भिंतींना जुन्या गाद्या ठोकून कॉम्प्युटर आणि माइक मांडला होता. खाली त्याचे वडील खिळे विकायचे आणि वर आम्ही कलावंत.

गाण्याचं मूळ म्हणजे माझे वडील. आबा तळेघरच्या पुढं एका वाडीत राहतात. तिथं भात होतो, नाचणी होते, रेंज तेवढी होत नाही. फोन करायचा तर आबा घरामागच्या टेकाडावर चढतात आणि तिथून मला जुन्नरला थेट ऐकू यावं इतक्या जोरात बोलतात. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. असाच एक चार मिनिटांचा कॉल मी शेठला गंमत म्हणून ऐकवला. त्यात आबा फक्त एवढंच म्हणत होते: "हॅलो! आवाज येतोय का गं? हॅलो! येतोय का?" मध्येच रेंज गेली, सगळं गप्प झालं, मग पुन्हा, "हां, आता येतोय का आवाज?"

शेठनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, हे गाणं आहे."

"हे आबा आहेत," मी म्हटलं.

पण मला ते पटलं होतं. पुढचे दोन महिने शाळा सुटली की मी गोडाऊनमध्ये. पीव्हीसी पाइपच्या तोंडावर रबरी चप्पल मारली की खोल, बेडकासारखा आवाज निघतो हे शेठनं शोधून काढलं. लांब पाइप, आखूड पाइप, असे त्यानं सूर लावून घेतले. मी पत्र्याच्या बादलीत खिळे हलवायचे आणि "मी इथंच आहे" ही एकच ओळ सात तऱ्हांनी गायचे. कॉम्प्युटर माझा आवाज पार चोळामोळा करून परत द्यायचा. एकदा शेठचे वडील धापा टाकत जिना चढून आले. "खाली गिऱ्हाईक विचारतंय, वर कुणाला चपलेनं मारताय का?"

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. रेंज जाते तिथं मला गाणं पूर्ण बंद हवं होतं. अकरा सेकंद, कारण खऱ्या कॉलमध्ये तेवढेच होते.

"अकरा सेकंदांत लोक दुसरं गाणं लावतील," शेठ म्हणाला.

"लावू दे."

गाणं इंटरनेटवर चढवलं. ऐकणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईक होते आणि उरलेले चुकून आले होते. नवरा म्हणाला, "छान आहे. सुरू कधी होतं?" शाळेतल्या एका बाईंनी, माझा फोन पाण्यात पडला का, अशी काळजीनं चौकशी केली. एकानं खाली लिहिलं होतं की नळाचं काम चांगलं करता, पत्ता कळवा. शेठनं त्याला खरोखरच दुकानाचा पत्ता कळवला.

रविवारी मी एसटीनं तळेघर गाठलं, पुढं चालत वाडीवर गेले आणि ओट्यावर बसून आबांना गाणं ऐकवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फोन कानाला लावला, जसा कॉलच आलाय.

"मी यवढा वरडतो व्हय?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बंद पडलं."

"बंद नाही पडलं आबा, मुद्दाम ठेवलंय. रेंज गेली ना तेव्हा."

"तवा मी शिव्या देत व्हतो. त्या न्हाई घेतल्या?"

"त्या मला ऐकूच नाही आल्या."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि गाणं परत लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकलं. मला तेवढ्यात कुणी पुरस्कार दिला असता तर मी 'नंतर या' म्हणाले असते.

त्यानंतर घोडेगावला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. त्याला माझं फार कौतुक. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला, मारुतीच्या देवळाकडून मंडपाकडे, भर दुपारी. त्यानं घोड्यावरून डीजेवाल्याला खूण केली आणि आमचं गाणं लागलं. पाइपांचा दणका त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून मी पहिल्यांदाच ऐकला. पोरांना काय नाचावं कळेना, पण ढोपरं आपोआप हलायला लागली होती. तेवढ्यात नवरीचे वडील फेटा बांधून, हातात नारळ घेऊन सामोरे आले. इकडं आचाऱ्याकडं आधीच चाखून आलेले नवरदेवाचे मामा शेजारच्या पाहुण्याच्या कानात काहीतरी सांगत होते. डीजेपुढं सांगायचं म्हणून अर्थातच बोंबलून.

आणि रेंज गेली.

"...मठ्ठा निस्तं पाणी, मसालेभात कच्चा, आणि व्याही म्हंजे हवेचा फुगा हाय, राव!"

अख्ख्या रस्त्यावर फक्त मामा. घोड्यानंसुद्धा मान वळवली. जनरेटरवाला आपलंच काहीतरी जळालं समजून गाडीखाली शिरला. मामांचं तोंड उघडं ते उघडंच. माझ्याच हट्टापायी अजून सहा-सात सेकंद शिल्लक होते. मी ते एकेक करून मोजले आणि दरवेळी वाटलं, शेठचं ऐकायला हवं होतं.

मग स्पीकरमधून आबा गरजले, "हां, आता येतोय का आवाज?"

व्याह्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "येतोय, येतोय," ते म्हणाले. "समदा येतोय."

आधी नवरीची आई हसली. मग सगळा रस्ता हसला. मामा मात्र जेवायला थांबले नाहीत आणि पुढं चार महिने आमच्या घरासमोरून मान खाली घालून जात होते.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होताच. बघता बघता आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंतचे डीजेवाले 'ते गप्प गाणं' मागायला लागले. वरातीत ते लागलं की माणसं तोंडावर हात ठेवून एकमेकांकडे बघत, आता कोण सापडतंय म्हणून. हळूहळू डीजेवाल्यांनी आमचे पाइप, बादल्या आणि माझ्या सात तऱ्हा कापून टाकल्या. ठेवली ती फक्त शांतता आणि आबा. म्हणजे आम्ही जिथं काहीच केलं नव्हतं तेवढंच लोकांना आवडलं. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, गॅदरिंगला तुमचं गाणं पूर्ण होऊ द्या. मंचावर, प्रत्यक्ष." स्वागतगीताऐवजी! मी हुरळलेच. शेठ टेम्पोत पाइप घालून आला, नवीन चपला घेऊन. निम्मं गाणं झकास झालं. पालक माना डोलावत होते. शांतता आली. पाच सेकंद झाले असतील, तेवढ्यात मुख्याध्यापकांना वाटलं की गाणं संपलं. ते उठले, माइकपाशी आले, "या निमित्तानं दोन शब्द" म्हणाले आणि शाळेच्या स्थापनेपासून सुरुवात केली.

शेठ चप्पल उगारूनच उभा होता. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "मारू का?"

"पाइपवर," मी म्हटलं.