भुऱ्याचं कॅलेंडर

मला एक सांगा, कुत्रं आजारी पडलं तर विश्वास कोणावर ठेवायचा? डॉक्टरवर, बायकोवर, की शेजारच्या टेलरवर? मी तिघांवर ठेवून पाहिला. जळगाव जामोदला माझं जनावरांच्या खाद्याचं, ढेप-सरकीचं दुकान आहे. पोती विकली जातात, ओट्यावरचे किस्से मात्र पडून राहतात. आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, शेवटच्या महिन्यातले तर एवढे साचलेत की विचारू नका.

चौदा वर्षांचा भुऱ्या. किडन्या गेल्या. जनावरांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बरा होणार नाही. त्रास कधी थांबवायचा ते तुम्ही ठरवा. स्वतःहून खाल्लं, उठला, शेपटी हलवली, तर कॅलेंडरवर हिरवी टिक. नाहीतर लाल फुली. लागोपाठ तीन फुल्या आल्या की फोन करा. इंजेक्शन देते, शांत झोपेल."

पद्धत मला पटली. हिशेबात आपण पक्के! दुकानातल्या कॅलेंडरला दोन पेनं बांधली. चूक एवढीच, की दुकानात बांधली.

* * *

पहिल्या दिवशी भुऱ्या पडूनच होता. मी जेवून आलो, तर हिरवी टिक.

"नामदेव, हे कोणी केलं बे?"

नामदेव म्हणजे शेजारचा टेलर. "मीच. कान हालवला त्यानं."

"माशी बसली होती त्याच्यावर."

"मंग? माशी मेल्यावर बी बसते. कान हालते का?"

 टिक राहिली.

* * *

मॅडमनी बिनमिठाचा दलिया सांगितला होता. भुऱ्यानं वास घेऊन तोंड फिरवलं. मग सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, शेगावहून आलेली कचोरी चुरून पुढे केली. अर्धी खाल्ली. लगेच टिक.

संध्याकाळी मॅडम आल्या. भुऱ्याच्या मिशीवरचा तुकडा काढून त्यांनी हुंगला.

"वहिनी, दलिया तळला होता का?"

सुमन शांतपणे म्हणाली, "थोडासा."

* * *

एक शेतकरी ढेप न्यायला आला. बैलाचे बघतात तसे त्यानं भुऱ्याचे दात बघितले. "शेठ, दोन वर्षं आरामात काढते हा."

मी त्याला दोनदा चहा पाजला. तो गेल्यावर सुमन म्हणाली, "अहो, यानंच मागच्या बाजारात म्हातारा बैल जवान म्हणून घेतला ना?"

* * *

मागचे पाय उचलेनात म्हणून नामदेवनं पोटाखालून धरायचा पट्टा शिवला. पट्टा झकास, पण बाजूला खिसा.

"खिसा कायले?"

"हात थांबतच नाही शेठ. चाळीस वर्षं पॅन्ट शिवून राह्यलो."

दोघांनी दोन बाजूंनी पट्टा उचलला. भुऱ्याचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. नामदेव ओरडला, "उभा राह्यला! टिक मारा!"

* * *

तरीही दोन दिवस फुल्या आल्याच. तिसऱ्या दिवशी ओट्यावर रिटायर्ड गुरुजी बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या दिवसाच्या चौकटीत हिरव्या पेनानं 'ग्रेस' लिहून खाली सही केली.

"गुरुजी, असं चालते का?"

"मी तुमच्या वर्गातली अर्धी पोरं अशीच वर ढकलली," गुरुजी म्हणाले. मी त्यांच्याच वर्गात होतो. विषय तिथंच संपला.

* * *

आता माझं सांगतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन फुल्या आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. महिना संपायला चार दिवस होते. मी ते पान फाडलं आणि नवीन महिना सुरू केला. नवीन पान, एकही फुली नाही.

सुमननं ते पाहिलं.  कचऱ्यातून पान काढलं, परत टाचलं आणि दोन्ही पेनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"कचोरी बंद, पट्टा बंद," एवढंच म्हणाली.

आधीचा हिशेब खोटा, म्हणून तिनं नव्यानं मोजलं. तिच्या हातच्या तीन फुल्या आल्या, एकाखाली एक. चौथ्या दिवशी तिनंच फोन केला.

* * *

मॅडम सकाळी अकरा वाजता आल्या. गुरुजी, नामदेव, मी, सगळे ढेपेच्या पोत्यांवर बसलेलो. मॅडमनी बॅग खाली ठेवली, "काय रे भुऱ्या" म्हणाल्या, आणि भुऱ्यानं शेपटी हलवली. चांगली दोन-तीनदा, जमिनीवर आवाज येईल अशी.

 नामदेव उभा राहिला. "वहिनी, हालवली. देवाशपथ, माशी नाही, काही नाही. मले पेन द्या."

मी सुमनकडे बघितलं. मॅडमही तिच्याकडेच बघत होत्या. सुमननं भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पर्समधून हिरवं पेन काढलं आणि नामदेवच्या हातात दिलं.

"मारा भाऊ टिक. चांगला दिवस आहे," ती म्हणाली. मग मॅडमना म्हणाली, "द्या आता इंजेक्शन."

तुमच्याही घरी असं म्हातारं जनावर असेल. कॅलेंडर लावा, पेनं बांधा. फक्त हिशेब खरा ठेवा, एवढी विनंती.