दादाची सही

मी पुण्याला निघाले त्या दिवशी दादाने सकाळी दुकान उघडलंच नाही. मिरजगावला हायवेच्या कडेला, भाड्याच्या गाळ्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन यायचे आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि दादा आतली जळकी तार काढून नवी भरून द्यायचे. ऐन उन्हाळ्यात सकाळभर शटर खाली ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकांची बोलणी खाणं. दादाने ती खाल्ली. माझी वळकटी आणि पुस्तकांचं पोतं त्याने एसटीत चढवलं, जागेवरून एकाशी भांडण काढलं आणि मला खिडकीशी बसवूनच खाली उतरला. आई तोंडाला पदर लावून उभी होती. अण्णा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "कुनाचं देनं ऱ्हायलं तर उशीर झाला तरी चालंल. पर तोंड चुकवायचं न्हाई. आपन हून जाऊन सांगायचं."

पोरीला निरोप देताना असलं कोण सांगतं? पण आमच्या घरात सगळं शहाणपण त्या दुकानातूनच यायचं. मोटार आज न्यायची, पैसे कांदा विकल्यावर द्यायचे, असा तिथला रिवाज. कांद्याचा भाव पडला की माणूस बाजारच्या दिवशी यायचा, बाकड्यावर बसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, या बारीला जमत न्हाई बघा." अण्णा चहा मागवायचे. विषय संपला. येऊन सांगणाऱ्याला कुणी नावं ठेवत नसे; रस्ता बदलून जाणाऱ्याला मात्र सगळं गाव ओळखून असायचं. जग असंच चालतं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हालाही वाटलं असेलच.

पुण्यात मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. कॉट बेसिसवर, म्हणजे चौघींच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन, कितीतरी वर्षं काढली. जिभेवरचं 'हाय' जाऊन 'आहे' आलं, शिफ्ट आणि ओटीपी हे शब्द झोपेतही तोंडात येऊ लागले. शेवटी शहराच्या कडेला वन बीएचके घ्यायचं ठरवलं. बाई एकटी, पगारही एकच, म्हणून बँकेने जामीनदार मागितला. अण्णा तोवर गेले होते. दादा पहिल्या गाडीने आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बँकेतली मुलगी बोट ठेवेल तिथे सही करत गेला. मला संकोच वाटत होता, तर म्हणाला, "असं काय तोंड करती? तुज्यासाठी न्हाई करायचं तर कुनासाठी?"

तिसऱ्या वर्षी मी लॅब बदलली. नव्या ठिकाणी सुरुवातीला पगार रखडत रखडत व्हायचा. होम लोनचा हप्ता पाच तारखेला आपोआप कापला जायचा. खात्यात पैसेच नव्हते, तो परत गेला. मी काय केलं? अण्णांची मुलगी मी. सुट्टी काढून बँकेत गेले, साहेबांसमोर बसले आणि सांगितलं की पगार झाला की भरते, दंडासकट भरते. साहेब कॉम्प्युटरकडे बघत "भरा, भरा" म्हणाले. चहा मागवला नाही, पण पुण्यात कोण मागवतं! मी निर्धास्त होऊन बाहेर पडले. वसुलीसाठी फोन करणाऱ्या मुलीलाही मी ठसक्यात ऐकवलं, "मी साहेबांना सांगून आलेय." तीन हप्ते असे महिना-सव्वा महिना उशिरा गेले. पै न पै भरली आणि विसरूनही गेले.

दोन वर्षांनी दुसऱ्या बँकेत व्याज कमी मिळतंय म्हणून कर्ज तिकडे हलवायला गेले. तिथल्या माणसाने माझा क्रेडिट रिपोर्ट पुढे सरकवला. महिन्यामहिन्याचे चौकोन होते, आणि त्यातल्या तीन चौकोनांत किती दिवस उशीर झाला ते आकडे. मी समजावू लागले की मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, सांगितलेलं यात येत नाही." मग अगदी सहज त्याने विचारलं, "तुमचे जामीनदार कोण? त्यांच्याही रिपोर्टला हे दिसत असणार."

बँकेच्या पायरीवरूनच वहिनींना फोन लावला. आधी त्या टाळत राहिल्या, मग बोलल्या. "वन्सं, ह्ये तुमाला सांगू नगं म्हनले हुते. गाळा मालकानं इकायला काढला हुता ना, तो आमीच घेनार हुतो. ब्यांकेनं कर्ज दिलं न्हाई. तुमच्या हप्त्याचं कायतरी निगालं त्यात."

गाळा दुसऱ्याने घेतला. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. दादा गावाच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. मोटारी घेऊन येणारा टेम्पो तिथे धड वळतही नाही, म्हणून निम्मं गिऱ्हाईक तुटलं. हायवेवरचं भाडं परवडेना म्हणून हललो, असं त्याने मला सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. तिथल्या बँकेतल्या साहेबांच्या घरचा पंखाही दादानेच भरून दिलेला. साहेबांना वाईट वाटलं म्हणे, पण कॉम्प्युटर हो म्हणेना. मिरजगावात कुणाचा रुपया न बुडवलेल्या माणसाला माझ्यामुळे हात हलवत परत यावं लागलं. आणि त्याच वर्षीच्या भाऊबीजेला त्याने ओवाळणीत मला साडी घातली होती, चकार शब्द न काढता.

मी रिपोर्टबद्दल तक्रार नोंदवली. उत्तर आलं, माहिती बरोबर आहे. बरोबरच होती, उशीर झालाच होता. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले की ते आकडे हळूहळू जुने होतील, एवढंच आता हातात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला अण्णांचा राग आला. मग स्वतःचा आला. अण्णांचा व्यवहार मिरजगावच्या बाजारापुरता होता. मी शहरात राहत होते, आणि बँकेचे मेसेज न वाचताच पुसत होते.

निदान यापुढे तरी दादाला यातून सोडवायचं, असं मी मनावर घेतलं. एफडी मोडून कर्जाचा थोडा भाग आधीच फेडला, वाढलेल्या पगाराच्या स्लिपा दिल्या आणि पाच-सहा खेपांनंतर माझ्या जुन्याच बँकेने जामीनदार वगळायला मान्यता दिली. ते पत्र घेऊन मी मिरजगावला गेले. वाटलं, दादाला बरं वाटेल आणि मला माफी मागायला तोंड राहील.

तो शेडमध्ये तार गुंडाळत बसला होता. मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दादा, माझ्यामुळे तुझा गाळा गेला. चुकलं माझं."

"गाळ्याचं सोड," तो म्हणाला. "तवा तुला अडचन हुती, तर मला का न्हाई सांगितलंस?"

खरं तर मला ते सुचलंच नव्हतं. दादाला कशाला त्रास, असा विचार करून टाळलं असंही नाही, सुचलंच नव्हतं.

"सायबाला जाऊन सांगितलंस, त्या फोनवरच्या पोरीला सांगितलंस. एक फोन मला केला असतास तर तीन हप्ते मी भरले असते की. सही उगंच केली हुती व्हय मी?" त्याने पत्राची घडी घातली. "आन आता ती बी परत आनून दिलीस."

वहिनींनी जेवायला बसवलं, दादाने बळेबळे वाढलं, स्टँडवर सोडायलाही आला. राग धरणारा माणूस नाही तो. पण मी गाडीत बसल्यावर रडले. आपण घर सोडून आलो ते एसटीत बसलो तेव्हा, असं मी इतकी वर्षं समजत होते. खरं तर अडचणीत सापडल्यावर दादा आधी आठवला नाही, तेव्हाच ते माझ्याकडून सुटलं होतं.

हप्ता आता दर पाच तारखेला बिनचूक जातो. घराच्या कागदांवर माझ्याशिवाय कुणाचंच नाव नाही.