कणकेच्या गोळ्या

पोळ्याच्या दिवशी माझी पत्नी वारली.

धानोऱ्याला तिने काचेच्या पेटीत तलावातले मासे पाळले होते. माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, म्हणून शेजारणी येता-जाता त्या पेटीत टाकत. उरलेली कणीक तळाशी कुजे, पाणी बिघडे आणि मासे वर येऊन धापा टाकत. ती रोज थोडं पाणी बदलायची, तरी मासे मरतच होते.

शेवटी तिने पेटीजवळ वाटी ठेवली आणि शेजारणींना सांगितलं,

“बाई, गोळ्या इथी ठेवा. मी तलावात टाकून येतो.”

“अन् पुण्य कोणाले? तुले?”

“तुमालेच. माह्यी नुसती पायपीट!”

शेजारणी हसल्या. कोणी दुखावलं नाही, आणि पाणी निवळलं. तिच्या जागी मी असतो तर पेटीला झाकण लावून मोकळा झालो असतो.

मासे आहेत. पाणी आता मी बदलतो.