तुमचे देव किती?

"मॅडम, तुमी सोताले कोन समजता?"

नोकरीचा माझा पहिला दिवस, स्टाफरूममधली पहिली पाच मिनिटं, आणि समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे हा प्रश्न कानावर पडला की माणसं बाह्या सरसावतात. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही कोण मला विचारणारे?"

गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. "हौ, हेबी इचारता येते. पन पयले तुमचं सांगा."

हे प्रा. डोमाजी नागपुरे. तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख, आणि विभागात तेवढे एकटेच. हा प्रश्न ते कुणालाही, अगदी मनापासून विचारत. ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना विचारला तेव्हा त्यांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं, तर सरांनी तिथे प्राचार्यांनाही तोच विचारला. प्राचार्य नागपूरचे, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "सध्या तरी मी स्वतःला प्राचार्य समजतो." सर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "मानूस बरा हाये. 'सध्या' म्हनला."

आमचं कॉलेज चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, वैनगंगेच्या अलीकडे. सरांचं गाव तिथून सात किलोमीटर. घराणं ढीवरांचं, पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणारं. सर पीएच.डी. झाले, पण पहाटे तलावात जाळं टाकायचं सोडलं नाही. आठ वाजता मोटारसायकल कॉलेजात शिरायची तेव्हा हँडलला एक ओली थैली लटकलेली असायची आणि विभागप्रमुखांच्या मनगटावर एखादा खवला चमकत असायचा. वर्गात विद्यार्थी चार, कधी पाच. ॲडमिशनच्या दिवसांत सर गेटपाशीच उभे राहायचे आणि इतिहास घ्यायला आलेल्या पोरांना बोलता बोलता तत्त्वज्ञानाच्या रांगेत नेऊन सोडायचे. हा धंदा मासेमारीचाच, असं आम्ही म्हणत असू. सरांना ते मान्य होतं.

त्यांचा देवावर विश्वास नव्हता. वर्गात ते देवाचं अस्तित्व सिद्ध करणारे सगळे युक्तिवाद एकेक करून मोडून काढत. पण तलावाच्या पाळीवर गंगामायचं ठाणं होतं, तिथे नारळ फोडल्याशिवाय त्यांनी हंगामाचं पहिलं जाळं कधी टाकलं नाही. मी एकदा पकडलंच त्यांना. "काय सर, देव नाही ना?"

"देव नाईच, मॅडम. पन गंगामायचं येगळं हाये. ते घरची."

त्यांचा सगळ्यात लाडका किस्सा दिल्लीचा. एका परिसंवादाला ते गेले होते. राहण्याच्या जागी काउंटरवरच्या माणसाने त्यांच्याकडे पाहून पासपोर्ट मागितला. सर उंच, केस कुरळे, वर्ण चांगला गडद. सरांनी आधार कार्ड दिलं. तो म्हणाला, "ये तो इंडिया का है." सर म्हणाले, "हौ, मैं बी." तरी त्याने आत जाऊन साहेबाला विचारलं, आणि तासभर सरांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं. त्या भागातल्या झाडीपट्टीच्या बोलीत ळ चा र होतो. सर सांगायचे, "गावात मी सावरा होतो, मॅडम. कारा हाओ, हे मले दिल्लीत समजलं." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "धरम अंगरखा हाये, मन केलं तर काढून ठेवता येते. कातडं काढता येत नाई, म्हनून लोकं त्याच्याच मांगं लागते." माणसाची ओळख कोण ठरवतं, हा धडा ते दरवर्षी याच किश्श्याने सुरू करत.

सरांची मुलगी सुषमा नर्स झाली आणि भामरागडच्या बाजूला नोकरीला लागली. दोन वर्षांनी तिने घरी सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगा सुधाकर, तिथलाच, वनरक्षक, माडिया आदिवासी. एका रविवारी ती त्याला घेऊन आली. सर खुशीत होते. आदल्या दिवशी त्यांनी मला ऐकवलं होतं, "पाहा मॅडम, आता आमच्या घरी परीक्षा हाये, आन मी अभ्यास करून बसलो."

पुढचं मला वहिनींकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून, कळलं. सुधाकर ओसरीवर चहा घेत होता. सर आत आले आणि वहिनींना म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पन लयच कारा हाये व."

वहिनी काही बोलायच्या आधी सरांनाच कळलं, आपण काय बोललो ते. आणि ओसरी काही लांब नव्हती. वहिनी तरी सोडतात काय! "तुमी कोन्ते गोरे लागून गेले? आरशात पाह्यलं का कधी?" त्या बोलल्या ते बरंच झालं, पण तोवर सुधाकरने चहा संपवला होता, कप-बशी धुऊन पालथी घातली होती, आणि हात जोडून "येतो" म्हणून तो निघाला होता. सुषमा त्याच्या मागोमाग गेली. त्यानंतर तिने बापाचा फोन उचलला नाही.

सरांनी तीन-चार दिवस कुणाला तो प्रश्न विचारला नाही, तेव्हा मोठ्या बाबूंनीच काळजीने चौकशी केली. आणि नेमका त्याच आठवड्यात अभ्यासक्रमात तो धडा आला. त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे माझे विद्यार्थी मराठीबरोबर निम्मं तत्त्वज्ञानही फुकटात शिकत. सरांनी दिल्लीचा किस्सा सुरू केला. बाकावर बसवलं, इथपर्यंत आले आणि थांबले. माझ्या वर्गातल्या पोरांनीही भिंतीकडे माना वळवल्या. मग सर म्हणाले, "हे पोट्टेहो, मी हे बारा वर्सं सांगून राह्यलो. अन् या रविवारी मीच काउंटरवर बसलो होतो." आणि त्यांनी घरात घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मले माफ करा."

वर्गात वैशाली नावाची एक मुलगी होती. दोन वर्षांत तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. ती म्हणाली, "सर, आमाले काऊन माफी मांगता? त्या पोराले मांगा ना."

तास संपल्यावर सर माझ्यापाशी आले. "मॅडम, तुमीबी चाला. मी एकटा गेलो का आनखी काईतरी बोलून बसीन."

तर शनिवारी सर, वहिनी आणि मी निघालो. आलापल्लीच्या पुढे सगळं जंगल. वाटेत सर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. माफीचं वाक्य मनात जुळवत असावेत. ओठ हलत होते. वहिनी म्हणाल्या, "भाषन नोका देऊ." सर म्हणाले, "नाई देत."

सुधाकरचं घर गावाच्या टोकाला. अंगण शेणाने सारवलेलं, एका बाजूला मोहाची फुलं वाळत घातलेली. त्याची आई, जैनीबाई, एकटीच होती. नवरा कधीच गेलेला. ती माडिया बोलायची, मराठी तिला तेवढी समजत नसे. सुषमा आत होती, बाहेर आली नाही. सुधाकरने बाज टाकली. सर बसलेच नाहीत.

"बेटा, मी तुले कारा म्हनलो."

"कारा तर मी हावोच, सर."

"नाई. मी ते शिवी म्हनून म्हनलो."

"मले मालूम हाये," सुधाकर म्हणाला. "म्हनून तर मी निघालो."

सरांनी हात जोडले. सुधाकरने पुढे होऊन ते खाली केले आणि त्यांना बाजेवर बसवलं. तेवढ्यात सुषमा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "बाबा, एवढे दिवस लावले?" एवढंच म्हणाली, पण पाणी आधी बापाला दिलं.

जैनीबाई हे सगळं बघत होती. तिने सुधाकरला काहीतरी विचारलं. त्याने सांगितलं असावं. मग तिने सरांना नीट न्याहाळलं आणि एक प्रश्न केला. सुधाकर संकोचला.

"सर, माय इचारते, तुमचे देव किती?"

तीस वर्षं देव आहे की नाही, यावर शिकवलेला माणूस. त्याला देव किती, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. सुधाकरने समजावलं, की त्यांच्यात घराण्यांची मांडणी देवांच्या संख्येवर असते. ते सात देवांचे. सात देवांच्या घरची मुलगी म्हणजे बहीण, तिथे लग्न होत नाही.

सरांनी खूप विचार केला. तर्काचं सगळं शिक्षण पणाला लावलं. शेवटी म्हणाले, "मोजले नाई. पन सात तर नाईतच."

जैनीबाईला हे भाषांतर करून सांगितलं. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. मग मान हलवून म्हणाली ते मलासुद्धा भाषांतराशिवाय कळलं. जमतं म्हणे!

लग्न झालं. नातेवाइकांतले काही आले नाहीत. सरांनी त्यांची नावं कधी काढली नाहीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, त्यांच्यामागे विभागही बंद झाला. मग ते आणि वहिनी वर्षातले चार-सहा महिने मुलीकडे राहू लागले. सर विहिणीकडून माडिया शिकत. विद्यार्थी फारच ढ निघाला. जैनीबाई त्यांच्या उच्चारांना हसायची आणि शेजारणींना बोलावून पुन्हा म्हणायला लावायची. "तीस वर्सं मी पोट्ट्याइले छळलं," सर फोनवर सांगायचे, "ते आता फिटून राह्यलं."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. आपल्या गावी, झोपेतच. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांचा मला फोन आला होता. तेव्हा ते मुलीकडे होते, आणि गावाबाहेरच्या टेकाडावर चढल्याशिवाय तिथे रेंज येत नाही. सरांना धाप लागली होती, आणि मागे पावसाचा आवाज होता. मी घाबरलेच. काय झालं, विचारलं.

"काई नाई झालं. मॅडम, तुमी मराठीच्या, तुमाले समजंल. यांच्या बोलीत आपल्यासारखंच हाये. 'आमी' येगळं अन् 'आपन' येगळं. आता दोन वर्सं झाले, जैनीबाई माह्यासमोर 'आमी'च म्हनते. आमच्यात असं करते, आमच्यात तसं करते. बरोबरच हाये तिचं. तर आज सकारी नाल्याले पूर आला, रस्ता बंद झाला. ते दारात उभी राहून पानी पाहून राह्यली होती, मी मांगं होतो." सर थांबले. मला वाटलं, रेंज गेली.

"सर?"

"म्हने, आता चार दिवस आपन इथीच अडकलो."