आबांची सोनोग्राफी

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या छातीत कळ आली ती भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. तसंच पुण्याला नेलं. नव्वदच्या दशकाचा शेवट तो. जांघेतून नळी घालून हृदयाची शीर उघडायची, आत बारीक स्प्रिंग बसवायची, हे आमच्याकडं कुणी ऐकलंही नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून डॉक्टर माझ्याशीच बोलले. स्प्रिंग बसली, फोटोत सगळं छान दिसत होतं. तरी त्यांनी शिरेच्या आत आणखी एक नळी सरकवली; तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र. आतून दिसलं, स्प्रिंग एका बाजूनं भिंतीला टेकलीच नव्हती. तशीच राहिली असती तर तिथं रक्त गोठायची भीती. पुन्हा फुगा फुगवून ती नीट बसवली. आबा वाचले. मी रडले, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटाचे पुडे, शहाळी आणि दर वेळी तीच चौकशी. आबांना नीट सांगता येईना, म्हणून मी अतिशहाणी पुढं सरसावले.

"साधी सोनोग्राफीच ती, फक्त शिरेच्या आतून. काय बी लपत न्हाय तिच्यापासनं."

झालं! माझंच तोंड मला नडलं. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, चौथा महिना. आधीच्या दोघी मुली. आबांनी बशीत चहा ओतला आणि सगळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघ, मशीन चुकत न्हाय. हिला पण घिऊन जा. पोरगी असली तर तितंच मोकळी करून आण."

कायद्यानं बंदी होती, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कऱ्हाटीहून भेटायला आलेले पाहुणे माना डोलवत होते. एकानं तर दवाखान्याचा पत्ताही सांगितला, शेळी कुठं विकायची ते सांगावं तसा. नवरा मान खाली घालून बसला. शी!

"आबा," मी म्हटलं, "तुमच्या आत बघितलं ते तुमाला जगवायला. बिघाड दिसला म्हणून डॉक्टरांनी तुमाला मारून टाकलं न्हाय."

सासूबाई आतून कडाडल्या, "आगं, लाज हाय का न्हाय?"

"हाय," मी म्हटलं, "हितं मला एकटीलाच हाय."

मी गेले नाही. तिसरीही मुलगीच झाली. बारशाच्या दिवशी आबा सकाळीच कोऱ्हाळ्याला पाहुण्यांकडं निघून गेले, एकटे, एस्टीनं. तब्येत ठणठणीत होती.